नवीन गाडी, ओलं कार्पेट आणि "सर, नॉर्मल आहे"

चोर्लामाथा
६ जुलै, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसता वाचतोय, पहिल्यांदाच धागा काढालोय आणि तोही रडगाणं गायला. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

पाडव्याला गाडी घेतली. कॉम्पॅक्ट एसयूव्ही, टर्बो पेट्रोल, सनरूफवालं वरचं मॉडेल. कंपनीचं आणि शोरूमचं नाव इथं लिहीत नाही, उगाच धागा उडायला नको. एक्स शोरूम ११ लाख ८० हजार, त्यावर आपल्या कर्नाटकातला १७ टक्के लाइफटाइम टॅक्स, त्या टॅक्सवर परत सेस, म्हणजे सव्वादोन लाखाच्या आसपास नुसते आरटीओलाच गेले. चौदा वर्षं जुनी हॅचबॅक वापरून मग ही घेतली, बायकोनं स्वतःची एक एफडी मोडली त्यात. डिलिव्हरीला हार, केक, फोटो, कुंद्याचा डबा, सगळं झालं. ती पुठ्ठ्याची हातभर किल्ली देतात ना हातात, ती धरून माझा दात काढलेला फोटो आहे. आता तो बघवत नाही.

एप्रिल एकदम मस्त गेला. सासुरवाडी गोव्यात डिचोलीला, त्यामुळं बेळगावातनं महिन्यातून दोनदा तरी चोर्ला घाट ठरलेला. यंदा पाऊस मेमध्येच आला तुम्हाला माहीतच आहे. जांबोटी सोडली आणि धो धो. कणकुंबीच्या पुढं घाट उतरायला लागलो आणि डॅशबोर्डवर एकदम तीन दिवे, इंजिनचा पिवळा, एअरबॅगचा आणि स्टिअरिंगचा. गाडीनं दोन-तीन झटके दिले आणि मेल्यासारखी झाली, अ‍ॅक्सिलरेटर तळाला लावला तरी २५-३० च्या वर जाईना. मागं टिप्पर हॉर्न मारालाय, पुढं धुकं, आणि गाडीत आई, बायको, पोरगी. कशीबशी कडेला घेतली. बंद करून दहा मिनिटांनी चालू केली तर दोन दिवे गेलेले, एअरबॅगचा तेवढा राहिला.

सोमवारी वर्कशॉपला. स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड पुसला, "सर सेन्सरचा प्रॉब्लेम होता, क्लिअर केलोय." कुठला सेन्सर? तर "सिस्टीममध्ये असतंय सर".

जूनमध्ये परत तेच, परत घाटात, आणि यावेळी बायकोची चप्पल ओली झाली. तिच्या पायाखालचा मॅट उचलला तर कार्पेट पिळून पाणी निघेल असं. परत वर्कशॉप. तिथला पोरगा मला म्हणतो, "सर, पाण्याची बाटली सांडली असेल मॅडमकडून." बायको शेजारीच उभी होती, पुढचं काय झालं ते लिहीत नाही. तिसऱ्या वेळी म्हणाले एसीचं पाणी आहे, पावसाळ्यात नॉर्मल असतं. चौथ्या वेळी पाच दिवस गाडी ठेवून घेतली. रोज फोन केला की "आगतैत्री सर, नाळे बर्री". भाषेचं भांडण नाही हो, कन्नड मला येतं, त्यांच्यातलाच मराठी पोरगा पण तेच म्हणतो, "होतंय की सर, उद्या या". पाच दिवसांनी गाडी दिली तर आत भसाभसा सेंट मारलेलं, ओडोमीटर ४१ किलोमीटर पुढं, रेडिओवर दुसरंच स्टेशन, आणि जॉब कार्डवर काय लिहिलंय तर "जनरल चेकअप, ओके".

सेंट दोन दिवसांत उडालं आणि खालून ओल्या घोंगडीचा वास यायला लागला. काल कार्पेटची कड उचलून बघितली, खाली पांढरी बुरशी धरलीय. तीन महिन्यांची गाडी, ४२०० किलोमीटर. आई म्हणते जुनीच बरी होती, आणि तिला काय उत्तर देणार.

प्रश्न एवढाच, आता काय करू? कंझ्युमर कोर्टात गाडी बदलून मिळते काय? का विकून मोकळा होऊ?

---

निपाणीकर_पुण्यात
७ जुलै, सकाळी ७:१५

वाईट वाटलं वाचून. पण खरं सांगू का, आपल्या हवेत सनरूफ ही वस्तूच चुकीची आहे. उन्हाळ्यात डोकं भाजतं, पावसाळ्यात उघडता येत नाही, मग घ्यायचं कशाला? घेण्याआधी चार मालकांशी बोलायला हवं होतं, ओनरशिप रिव्ह्यू वाचायला हवे होते. मी माझी गाडी घेताना सहा महिने अभ्यास केला होता.

---

अनगोळकरीण
७ जुलै, सकाळी ८:०३

@निपाणीकर_पुण्यात, झालेल्या बाळंतपणाला आता मुहूर्त कशाला सांगता? त्या माणसानं साडेचौदा लाख घातलेत आणि तुम्ही म्हणता अभ्यास कमी पडला.

@चोर्लामाथा, आई आणि पोरगी बऱ्या आहेत ना? घाटातलं वाचून माझ्या पोटात गोळा आला. आमच्या घरच्यांचं पण एकदा असंच झाल्तं खरं ती जुनी गाडी होती, जुन्या गाडीचं माणूस गृहीत धरतो. आणि "मॅडमकडून बाटली सांडली" म्हणणाऱ्याला त्या मॅडमनी काय ऐकवलं ते लिहा की हो, अर्धवट काय सोडता.

---

उद्यमबागवाला
७ जुलै, दुपारी १:२०

जेवणाच्या सुट्टीत लिहालोय. तीस वर्षं मशीन शॉपमध्ये काढलीत, गाड्या माझा धंदा नाही खरं पाणी कुठून गळतंय हे शोधायची सवय आहे. तीन प्रश्नांची उत्तरं दे भावा.

दिवे लागतात ते गोव्याला जाताना का येताना? दोन्हीकडं?
पाऊस नसताना नुसता एसी लावून लांब गेलास तर पाणी येतं काय?
आणि ओलं नेमकं कुठं आहे, पुढं डॅशबोर्डच्या मुळाशी का सीटच्या खाली?

---

चोर्लामाथा
७ जुलै, संध्याकाळी ६:५५

आई, पोरगी दोघी ठीक आहेत, धन्यवाद ताई. मॅडमनी त्या पोराला एवढंच विचारलं की "बाटली एक लिटरची असते, तुमच्या गाडीतून मी दोन मग पाणी काढलंय, उरलेलं कुणी सांडलं?" पोरगा आत गेला तो परत आलाच नाही.

@उद्यमबागवाला, तुमचा पहिला प्रश्न वाचून मी पाच मिनिटं गप्प बसलो. तिन्ही वेळा जातानाच झालंय. येताना एकदाही नाही! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, वर्कशॉपमध्ये पण कुणी विचारलं नाही. एप्रिलमध्ये फुल एसी लावून हुबळीला जाऊन आलो, एक थेंब नाही. ओलं डाव्या बाजूला पुढं, ग्लोव्हबॉक्सच्या खाली, तिथनं मागं सीटखाली पसरतंय.

---

उद्यमबागवाला
७ जुलै, रात्री ९:१०

मग एसीचा विषयच संपला. एसीची पाण्याची नळी तुंबली तरी डाव्या बाजूलाच पाणी येतं म्हणून ते सगळे तिकडं बोट दाखवतात, खरं एप्रिलमध्ये आलं नाही म्हणजे ते नव्हं.

आता नीट वाच. सनरूफ म्हणजे काय डब्याचं झाकण नाही घट्ट बसायला. काचेच्या रबरातनं थोडं पाणी आत जाणारच, हे धरूनच बनवलेलं असतंय. काचेच्या भोवती एक पन्हळ असते, तिच्या चार कोपऱ्यांना चार भोकं, प्रत्येकाला एक रबरी नळी. पुढच्या दोन नळ्या काचेच्या बाजूच्या खांबातनं, ज्याला ते ए पिलर म्हणतात, त्यातनं खाली येतात आणि पुढच्या दाराच्या बिजागरीजवळ, चाकाच्या मागं पाणी सोडतात. मागच्या दोन मागं सोडतात. आपल्या घरच्या पत्र्याची पन्हळ आणि पाइप, दुसरं काही नाही.

चढावर गाडीचं नाक वर, पाणी मागच्या नळ्यांत जातंय. उतारावर नाक खाली, सगळं पाणी पुढच्या दोन कोपऱ्यांत. डावी पुढची नळी तुंबली असेल किंवा सुटली असेल तर पाणी खांबाच्या आतनं सरळ तुझ्या बायकोच्या पायावर. म्हणून जाताना होतंय, येताना नाही. आणि बेळगावात सपाटीवर पावसात उभी केली तर थोडं थोडं झिरपत राहतंय, ते कार्पेटखालचा स्पंज पिऊन घेतोय, तुला कळत पण नाही.

दिवे का लागतात तर कार्पेटच्या खालनं वायरिंगचा जाडजूड वेढा जातो, त्याचे कनेक्टर तिथंच, अर्थिंगचे पॉइंट तिथंच. सीटखाली एअरबॅगचा पिवळा कनेक्टर असतो. पाण्यात बसले की सिग्नल इकडचा तिकडं, गाडी घाबरून स्वतःची ताकद कमी करून घेते. तुझं इंजिन चांगलं आहे रे, त्याच्याकडं खबरच चुकीची जाते.

रविवारी घरी टेस्ट कर. गाडी सपाट जागी, सनरूफ उघड, अर्ध्या लिटरची बाटली घे आणि पुढच्या उजव्या कोपऱ्यात पन्हळीत हळूहळू ओत, भसकन नको. खाली चाकामागं पाणी पडतंय का बघ. मग तेच डाव्या कोपऱ्यात. आणि एक, कुणी सांगितलं तरी कॉम्प्रेसरची हवा मारू नको, नळी निघून येते आतल्या आत. व्हिडिओ कर मात्र.

---

शिनोळी_शेजारी
७ जुलै, रात्री १०:३१

काय समजावलंय! सलाम.

माझं थोडं वेगळं खरं सांगतो. आमच्या गाडीच्या वेळी मी टायरवरचा आकडा बघितला. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन साल, म्हणजे २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. तर चार टायर एका महिन्यातले आणि पाचवा, स्टेपनी, चौदा महिने जुना. विचारलं तर म्हणे "स्टेपनी कुठं वापरतोय सर आपण". बदलून घेतलाच. डिलिव्हरीच्या दिवशी आपण हार घालण्यात असतो, गाडी बघायची राहूनच जाते.

@चोर्लामाथा, घाई करून विकू नका, बुरशी धरलेली गाडी कोण घेणार, पडत्या भावात जाईल.

---

जुना_एसए
८ जुलै, रात्री १२:२०

नाव बदलून लिहितोय, कारण उघड आहे. सहा वर्षं सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर होतो, बेळगावात नाही, जिल्ह्याबाहेर. आतली बाजू सांगतो, पटली तर घ्या.

एका अ‍ॅडव्हायझरकडं दिवसाला पंधरा गाड्या. सकाळी ९ ते ११ मध्ये सगळ्या आत येतात, संध्याकाळी सगळ्या बाहेर पाठवायच्या. तुमच्यासारखी "कधी कधी होतं, घाटातच होतं" ही तक्रार म्हणजे आमच्यासाठी शिक्षा. ती शोधायला मेकॅनिकचे चार-पाच तास जातात, आणि त्या वेळात त्याच्या तीन सर्व्हिस होतात ज्यांचे पैसे मिळतात. वॉरंटीच्या कामाचे पैसे कंपनी देते, पण कमी दरानं आणि उशिरा, वर जुना पार्ट परत पाठवा, फोटो लावा, आणि क्लेम नाकारला तर डीलरच्या खिशातून. म्हणून मग "नॉर्मल आहे सर". आम्हाला वरून कुणी खोटं बोला असं सांगत नव्हतं, पण खरं शोधायला वेळही देत नव्हतं.

आता कामाचं. तुमची चार जॉब कार्डं आहेत ना, ती काढून बघा. "कस्टमर कम्प्लेंट" या रकान्यात तुमचं वाक्य आहे की त्याचं? मी स्वतः शंभरदा "जनरल चेकअप" लिहिलंय. एकदा तसं लिहिलं की कागदावर तुमची तक्रार झालीच नाही! तुम्ही चार वेळा गेलात, कंपनीच्या सिस्टीममध्ये चार वेळा जनरल चेकअप दिसतोय. पुढच्या वेळी सही करण्याआधी तुमच्या शब्दांत लिहायला लावा, पावसात घाट उतरताना पॉवर जाते, डाव्या बाजूला पायाखाली पाणी येतं, एअरबॅगचा दिवा लागतो. लिहिलं नाही तर त्याच कागदावर सहीच्या वर पेननं तुम्ही लिहा, फोटो काढा आणि ईमेलनं कंपनीच्या कस्टमर केअरला आणि डीलरला दोघांना पाठवा. फोन नको, फोनचा काही पुरावा राहत नाही.

आणि कोड पुसू देऊ नका आधी. स्कॅनरवर काय आलंय त्याची प्रिंट किंवा फोटो मागा. पी, बी, सी, यू या अक्षरांनी कोड सुरू होतात, पी इंजिन-गिअरबॉक्सचे, बी बॉडीचे, यू आला तर कंट्रोल युनिटांचं आपापसातलं बोलणं तुटलंय. तुमच्यात यू असणार असा माझा अंदाज.

---

अनगोळकरीण
८ जुलै, सकाळी ९:४०

@जुना_एसए, खरं बोललात म्हणून बरं वाटलं, नाहीतर आम्हाला वाटतं आमचंच डोकं फिरलंय.

---

गडकरी_गल्लीतला
८ जुलै, सकाळी १०:१२

हे सगळं इथंच होतंय. कोल्हापूरला नाहीतर म्हापशाला गाडी दाखवा, तिकडं कस्टमरला किंमत आहे. आपल्याकडं मराठी माणसानं तक्रार केली की

---

संपादक
८ जुलै, सकाळी ११:००

वरच्या प्रतिसादातला पुढचा मजकूर काढला आहे. सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे आणि तो भरपूर लांब आहे. इथे गाडीविषयीच बोलूया. वॉरंटी मात्र कुठल्याही अधिकृत वर्कशॉपला चालते, गाडी जिथून घेतली तिथेच जायला हवे असे बंधन नाही, तेवढा मुद्दा बरोबर आहे.

---

कागदवाला
८ जुलै, रात्री ८:३५

कोर्टाचं विचारलंत म्हणून लिहितो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, अमलात आला २० जुलै २०२० पासून. वस्तूची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. तुमची गाडी १० ते २० लाखांच्या टप्प्यात, फी फक्त ४०० रुपये. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे गाडी कुठूनही घेतली असती तरी बेळगावातच. कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत. वकील सक्तीचा नाही. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथं आधी नोंदवा, बऱ्याचदा कंपनीचा माणूस त्यानंतर स्वतः फोन करतो. कंपनी आणि डीलर दोघांनाही पार्टी करा, नाहीतर दोघं एकमेकांकडं बोट दाखवत बसतील.

पण गाडी बदलून मिळेल का याचं उत्तर गोड नाही. २००६ चा सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आहे, त्यातली तक्रार क्लचची होती. कोर्टानं म्हटलं की वॉरंटीत बिघडलेला पार्ट दुरुस्त करून किंवा बदलून द्यायचं लिहिलंय, त्यावरून सगळी गाडीच बदलून द्या म्हणता येत नाही. "मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट" म्हणायचं तर तज्ज्ञाचा रिपोर्ट लागतो, आयोग वस्तू तपासणीला पाठवू शकतो, कलम ३८ मध्ये सोय आहे. कायद्यात तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल असं लिहिलंय. लिहिलंय.

त्यामुळं आधी कारण शोधा. कारण हातात आलं की नोटीस दोन पानांची होते, नसलं की वीस पानांची होते आणि कुणी वाचत नाही.

---

चोर्लामाथा
१३ जुलै, दुपारी १२:२५

टेस्ट केली!!

सकाळी आठला गाडी घरासमोर काढली, अर्धी गल्ली जमली, शेजारचे काका खुर्ची घेऊनच आले. उजव्या कोपऱ्यात बाटली ओतली. पाच-सात सेकंद काही नाही, मग पुढच्या चाकाच्या मागं धार लागली, सुतळीएवढी. बरोबर उद्यमबागवाल्यांनी सांगितलं तिथंच.

डाव्या कोपऱ्यात ओतली. वाट बघतोय, बघतोय. खाली काही नाही. पोरगीला टॉर्च देऊन आत पुढच्या सीटवर बसवली होती, ती एकदम ओरडली, "बाबा, इथनं आलं!" खांबाच्या प्लास्टिकच्या खालच्या फटीतनं थेंब थेंब, मग धार, ग्लोव्हबॉक्सच्या कडेनं सरळ कार्पेटवर. अर्ध्या लिटरमधलं बहुतेक सगळं आत. व्हिडिओ केलाय, आवाजात काकांचा "अगगगं" पण आहे.

साडेचार महिने होत आले घेऊन, चार वेळा वर्कशॉप, पाच दिवस गाडी ठेवून घेतली, आणि उत्तर अर्ध्या लिटरच्या बाटलीत होतं. राग यायच्या ऐवजी मला हसूच आलं आधी. राग नंतर आला.

उद्या जातोय. कोडचं पण विचारतो.

---

निपाणीकर_पुण्यात
१३ जुलै, दुपारी १:०२

साडेचार नाही, साडेतीन महिने. पाडवा ३० मार्चला होता. बाकी टेस्ट जबरदस्त.

---

अनगोळकरीण
१३ जुलै, दुपारी १:१०

आला अभ्यास करून.

---

चोर्लामाथा
१५ जुलै, रात्री १०:४८

काल अख्खा दिवस तिथंच होतो. काउंटरवरच्या पोरानं परत "जनरल चेकअप" टाइप केलं. मी म्हटलं खोडा, मी सांगतो ते लिहा. म्हणाला सिस्टीममध्ये तेवढीच जागा आहे. म्हटलं मग पेननं लिहितो, आणि लिहिलं, सहीच्या वर, मोठ्या अक्षरात. तो कागद घेऊन आत गेला आणि पहिल्यांदा वर्क्स मॅनेजर बाहेर आला. व्हिडिओ दोनदा बघितला. तिसऱ्यांदा बघताना म्हणाला, "हे खांबाचं कव्हर आमचंच आहे ना?"

कव्हर काढलं माझ्यासमोर. नळी वरच्या नळकांड्यातनं सुटून खाली लोंबकळत होती. आणि आता ऐका. त्याच खांबातनं एक काळी वायर खाली गेलेली, नळीच्या अगदी शेजारनं, तिला प्लास्टिकचा टाय मारून नळीलाच बांधलेलं. डॅशकॅमची वायर. तो डॅशकॅम मी डिलिव्हरीच्या वेळी त्यांच्याकडनंच बसवून घेतला होता, साडेसहा हजार, त्यांच्याच अ‍ॅक्सेसरीवाल्या पोरानं बसवला. वायर ओढताना नळी निघाली, आणि वर कव्हर दाबून मोकळा.

मॅनेजर आधी म्हणाला बाहेरनं बसवलं असेल. बिल दाखवलं. कुंद्याचा तो रिकामा डबा आहे ना, त्यात गाडीचे सगळे कागद ठेवलेत मी, डबाच घेऊन गेल्तो. मग तो गप्प. मग चहा आला. चार वेळा गेलो तेव्हा पाणी पण कुणी विचारलं नव्हतं.

स्कॅनरची प्रिंट घेतली. @जुना_एसए, तीन यू, एक बी. कार्पेट काढलं तर दोन कनेक्टरवर हिरवा थर. ते म्हणालेत कार्पेट धुऊन वाळवून देतो आणि कनेक्टर साफ करतो, वर एक टेफ्लॉन कोटिंग फ्री.

---

उद्यमबागवाला
१६ जुलै, सकाळी ६:३०

साफ केलेलं घेऊ नको. तांब्यावर एकदा हिरवं चढलं की आत वायरीत पण शिरलेलं असतंय, आज चालेल आणि दोन वर्षांनी, वॉरंटी संपायच्या टायमाला, परत दिवे. वायरिंगचा तेवढा भाग नवीन माग. आणि कार्पेट नवीन, बुरशी धुऊन जात नाही.

टेफ्लॉन आत पाणी आलेल्या गाडीला काय करायचंय? बाहेरनं चकाचक, आत डबकं.

---

कागदवाला
१६ जुलै, सकाळी ९:१५

तुमची केस आता सोपी झाली. आता मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट सिद्ध करत बसायचं नाही, तज्ज्ञ पण कदाचित लागणार नाही. डीलरनं पैसे घेऊन काम केलं, ते चुकीचं केलं आणि चार वेळा सांगूनही शोधलं नाही, याला सेवेतील त्रुटी म्हणतात, आणि बिल, जॉब कार्ड, व्हिडिओ तिन्ही तुमच्याकडं आहेत. साध्या भाषेत पत्र लिहा, पंधरा दिवसांची मुदत द्या, नवीन कार्पेट, वायरिंग, आणि इलेक्ट्रिकल कामाची लेखी हमी एवढंच मागा. स्पीड पोस्टनं, प्रत कंपनीला. गाडी बदलून द्या असं त्यात लिहू नका, तिथं घसरलात तर बाकीचं पण लोंबकळेल.

---

गडकरी_गल्लीतला
१६ जुलै, सकाळी ९:५०

तो डॅशकॅम बसवणारा पोरगा कोण होता ते बघा. बहुतेक रोजंदारीवरचा असणार. त्याच्या पगारातनं कापतील बघा, मॅनेजरचं काही जाणार नाही.

---

चोर्लामाथा
१६ जुलै, रात्री ९:२२

बघितलं मी त्याला. एकोणीस-वीसचा असेल, खानापूरकडचा. कोपऱ्यात उभा होता, माझ्याकडं बघत नव्हता. दिवसाला आठ-दहा गाड्यांना कॅमेरे, सीट कव्हर, मॅट, सगळं तो एकटाच लावतो म्हणे. पत्रात त्याचा उल्लेख केला नाही मी, शोरूमनं बसवला एवढंच लिहिलंय. बायको म्हणाली तेवढं बरं केलंस.

---

चोर्लामाथा
१४ ऑगस्ट, रात्री ९:३६

उशीर झाला कळवायला. पत्र गेल्यावर नवव्या दिवशी कंपनीच्या एरिया मॅनेजरचा फोन, त्याआधी १९१५ वर पण नोंदवलं होतं, नेमकं कशानं हलले माहीत नाही. कार्पेट नवीन, डाव्या बाजूचं फ्लोअर वायरिंग नवीन, पार्ट यायला बरेच दिवस लागले, तोवर जुन्या हॅचबॅकवर भागवलं, ती विकली नव्हती हे नशीब. हमीपत्र लेटरहेडवर मिळालं, त्यात आधी "सदिच्छेपोटी" लिहिलं होतं, कागदवाल्यांच्या सांगण्यावरून तो शब्द काढायला लावला. जॉब कार्डवर आता छापील आलंय की डावी नळी सुटल्यामुळं पाणी आत. ते एक वाक्य मिळवायला मला अडीच महिने लागले. नुकसानभरपाई म्हणून एक सर्व्हिस फ्री देतो म्हणाले, घेतली, कोर्टात गेलो नाही. काहीजणांना हे पटणार नाही. दमलो होतो.

गाडी परत घेताना अ‍ॅडव्हायझर हळूच म्हणाला, "सर, कंपनीचा फीडबॅक कॉल येईल, दहा द्या, नऊ दिलं तरी आमचं कापतात." काल आला कॉल. मी म्हटलं नंतर करा. आता किती देऊ?

---

जुना_एसए
१४ ऑगस्ट, रात्री १०:०५

तो खरं सांगतोय, नऊला पण कापतात. पण तुम्हाला वाटेल तेवढेच द्या, आणि रिमार्कमध्ये लिहा. रिमार्क वाचला जातो.

---

अनगोळकरीण
१४ ऑगस्ट, रात्री १०:११

मॅडमना विचारा.

---

चोर्लामाथा
१५ ऑगस्ट, सकाळी ६:४०

मॅडमनी दोन सांगितलेत, मी चार म्हणतोय, अजून ठरलं नाही. सुट्टी आहे म्हणून डिचोलीला निघालोय, रात्रीपासून पाऊस आहे. कणकुंबीच्या पुढं रेंज जाते, खाली पोचलो की लिहितो.

---

उद्यमबागवाला
१५ ऑगस्ट, सकाळी ७:०२

सावकाश जा. मॅटखाली जुना पेपर घालून ठेव, ओलं लगेच कळतंय.

---

चोर्लामाथा
१५ ऑगस्ट, सकाळी १०:१८

पोचलो. अख्खा घाट धुक्यात आणि पावसात उतरलो, दिवा एकही नाही. पेपर कोरडा, बायकोनं दोनदा काढून बघितला. मध्येच पोरगी म्हणाली बाबा, सनरूफ उघडूया ना थोडं. तिघं एकदम ओरडलो, नको.